अंड्यांवर खुडूक बसलेल्या ठिपकी कोंबडीला मुंगसानं फाडलंय, पाठ उघडी पडलीय. वाचेल का?

बेळगुंदीची सून | मंगळवार, दुपारी २:१०

नमस्कार. घाईत लिहितेय.

आमच्यात परड्यात १४ कोंबड्या होत्या. दोन गिरिराज, बाकी सगळ्या गावठी. सुगी चालू आहे म्हणून सकाळी आम्ही सगळेच शेतावर गेलो होतो, घरी एकट्या सासूबाई. साडेअकराच्या सुमाराला त्यांना मागल्या दारी कोंबड्यांचा कालवा ऐकू आला. त्या काठी घेऊन पोचेपर्यंत काहीतरी राखाडी, लांब शेपटीचं कुंपणाखालून उसात गेलं. मुंगूसच होतं असं त्या म्हणतात. एक तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, मरून पडली होती, मानेला चावा, बाकी अंग जसंच्या तसं. आणि न्हाणीच्या मागं, जिथं ठिपकी अंड्यांवर बसली होती, तिथं ती रक्तानं माखलेली.

ठिपकीला बसून १७ दिवस झाले होते, ११ अंड्यांवर. उठून पळाली असती तर तिला काही झालं नसतं. ती पळाली नाही. दोन अंडी फुटलीत, नऊ शाबूत आहेत, पण मी धावत येईपर्यंत ती गार झाली होती. दोनेक तास तरी गेले असतील.

पाठीवर डाव्या पंखाच्या मागं कातडं लोंबतंय. माझ्या तळहाताएवढी जागा उघडी आहे, आतलं लाल मांस दिसतंय, त्यात पिसं आणि माती चिकटलीय. मानेवर दोन भोकं. डोळे मिटून बसलीय, तुरा फिका पडलाय, पाय गार लागतात. पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन आले, कुलूप होतं.

सासूबाई म्हणूलाल्यात, "ही आता जगत न्हाई, दिवस मावळायच्या आत काप, वाया तरी जायची न्हाई." त्यांनी आयुष्यभर हेच बघितलंय, त्यांना मी दोष देत नाही. पण जी अंड्यांवरून हलली नाही तिच्यावर माझ्याच्यानं सुरी चालणार नाही. जखमेला काय लावू? अंड्यांचं काय करू? आणि ते परत आलं तर?

कौलारू | दुपारी २:२२

आधी एवढं करा, बाकीचं नंतर वाचा.

पुठ्ठ्याचं खोकं घ्या, तळाला जुनं सुती लुगडं किंवा टॉवेल, त्यात तिला बसवा आणि वरून कापड टाकून अंधार करा. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून तिच्या कडेला ठेवा. ती चोच उघडून धापा टाकायला लागली तर बाटली काढा, जास्त गरम होतंय असं समजायचं. खोकं घरात, माणसांच्या गडबडीपासून लांब. मुलांना सारखं उघडून बघू देऊ नका. गार पाय आणि फिका तुरा म्हणजे ती धक्क्यात आहे. पुष्कळ कोंबड्या जखमेनं मरत नाहीत, या धक्क्यानं मरतात.

लिटरभर कोमट पाण्यात मोठा चमचाभर गूळ आणि अर्धा चहाचा चमचा मीठ. चोच उघडून ओतू नका. श्वासाचं भोक जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी थेट छातीत जातं. चोचीच्या कडेला बोटानं एकेक थेंब लावा, ती आपण होऊन गिळेल.

अंडी टाकू नका. १७ दिवसांच्या पिल्लाच्या अंगात स्वतःची थोडी ऊब असते, दोन-तीन तास गार पडून पण ती जगतात. आणखी कुणी खुडूक आहे का घरात किंवा शेजारी?

रानवाट | दुपारी २:५०

एकदा कोंबडीची चव लागली की मुंगूस रोज येणार. मेलेल्या तलंगेत उंदराचं औषध घालून कुंपणापाशी ठेवा, दोन दिवसांत विषय मिटतो. आमच्याकडं सगळे हेच करतात.

बेळगुंदीची सून | दुपारी ३:०५

@कौलारू खोक्यात ठेवलं. दहा-बारा थेंब घेतले तिनं. खुडूक दुसरी कुणी नाही, शेजारीपण नाही. अंडी तोवर गरम कापडात गुंडाळून ठेवलीत.

@रानवाट औषध नको. लहान मुलं आहेत, कुत्रं आहे.

जांबोटीची आक्का | दुपारी ३:४०

पोरी, तुझं वाचलं आणि चूल सोडून लिहायला बसले. ३१ वर्षं झाली मला या घरात येऊन, तेवढीच वर्षं कोंबड्या आहेत. आमच्या मागं रानच आहे, भीमगडाच्या बाजूचं. मुंगूस, उदमांजर, रानमांजर, घोरपड, घार, सगळ्यांनी माझ्या दारातनं काही ना काही नेलंय.

पहिल्यांदा अंड्यांचं, कारण ती थांबणार नाहीत. पुठ्ठ्याचं दुसरं खोकं घे. ४० वॅटचा जुना पिवळा बल्ब लाव, एलईडी चालत नाही, त्याला ऊब नसते. पुठ्ठ्याला लागून टांगू नको, पेट घेईल. घरात तापाचं थर्मामीटर असेल ते अंड्यांच्या मधोमध ठेव, पाऱ्याचं असेल तर दर वेळी झटकून, नाहीतर पारा आपण होऊन खाली येत नाही. १०० ते १०१ दाखवलं पाहिजे, १०२ च्या वर जाऊ द्यायचं नाही. गरम झालं तर खोक्याचं तोंड उघड, गार झालं तर झाक. एका वाटीत पाणी आणि त्यात फडक्याचा तुकडा, हवा कोरडी पडली तर पिल्लू कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतं. आज रात्री अंधारात मोबाईलची बॅटरी लावून एकेक अंडं बघ. जिवंत असेल ते जवळजवळ सगळं काळं दिसतं, बोथट टोकाला तेवढी हवेची जागा उजळ. थोडा वेळ धरलंस तर आत हललेलंही दिसेल. आरपार पिवळं दिसलं तर ते वांझ, काढून टाक. आज दोन-तीनदा हळूच फिरव, उद्यापासून फिरवणं बंद. १८ व्या दिवसानंतर पिल्लू तोंड हवेकडं करून बसतं, त्याला हलवायचं नाही.

आता ठिपकी. तिला आता दोन तास अंधारात बसू दे. पाय कोमट लागले, डोळे उघडले की मगच जखमेला हात लाव. तोवर पाणी उकळून गार करून ठेव, अर्ध्या लिटरला चहाचा सपाट एक चमचा मीठ, त्यापेक्षा किंचित कमीच. सुई काढलेली मोठी सिरिंज औषधाच्या दुकानात मिळते. तिला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घे, तोंड झाकलेलं असू दे. जखमेच्या कडेची पिसं कात्रीनं काप, उपटू नकोस. त्या मिठाच्या पाण्याची धार वरून खाली सोडत राहा. एक सिरिंज नाही, सात-आठ. माती, पिसाचा तुकडा, रक्ताची गाठ, सगळं वाहून जाऊ दे. मानेवरच्या भोकांत मात्र धार मारायची नाही. पक्ष्याच्या अंगात हवेच्या पिशव्या असतात, पाणी कुठं जाईल सांगता येत नाही. ती भोकं ओल्या कापसानं वरून पुसायची.

मग पोव्हिडोन आयोडीन. बाटलीतलं तसंच लावू नको. एक भाग औषध, नऊ भाग पाणी, फिक्या चहाचा रंग आला पाहिजे. हळुवार टिपून घे. नंतर मी मधाचा पातळ हात देते. आमच्याकडं रानातला मध मिळतो म्हणून मध. नसेल तर डॉक्टर देतील ते मलम.

आणि हळद. सगळे तुला हळद दाबून भर म्हणतील. ऐकू नकोस. वरवर खरचटलंय तिथं हळद चालते, उघड्या मांसावर नाही. चार वर्षांमागं माझ्या एका तांबड्या कोंबडीला कुत्र्यानं धरलं होतं. मी खोबरेल तेलात हळद कालवून जखम लिंपून टाकली, वर छान पिवळी पपडी धरली. मला वाटलं भरून आली. पाचव्या दिवशी वास आला म्हणून पपडी उचलली तर खाली अळ्या वळवळत होत्या, पार बरगडीपर्यंत. ती कोंबडी माझ्या हातानं गेली. अजून सुगीत माश्या झाल्या की ती डोळ्यांपुढं येते.

म्हणून जखम झाकायची नाही, पण माशीला बसूही द्यायचं नाही. खोक्यावर मच्छरदाणीचं कापड बांध, चारही बाजूंनी. सकाळ-संध्याकाळ उजेडात नेऊन जखमेच्या कडेला, पिसांच्या बुडाशी बघ. माशीची अंडी रव्याच्या कणासारखी दिसतात, पांढरट, झुपक्यानं. ऊन असलं तर एका दिवसात त्याच्या अळ्या होतात. दिसली की चिमट्यानं काढ आणि परत धू. बैलाच्या जखमेत टर्पेंटाईन घालतात ते कोंबडीला कधी घालू नको. तिचं कातडं पातळ, तिच्यावर ते आगीसारखं जातं.

मुंगसाचं रात्री लिहिते, गुरं यायची वेळ झाली.

निवृत्त पशुवैद्य | संध्याकाळी ५:१५

आक्कांनी सांगितलं ते बरोबर आहे. थोडी भर घालतो.

पहिली गोष्ट कोंबडीची नाही. तुमच्या सासूबाईंना त्या गडबडीत मुंगसाचा चावा किंवा ओरखडा लागलेला नाही ना? मुंगसापासून माणसाला रेबीज होऊ शकतो. लागला असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि आजच सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. कितीही बारीक ओरखडा असो.

चावलेल्या जखमेत दातातले जंतू खोलवर जातात. वरून कितीही स्वच्छ केली तरी मानेवरच्या त्या दोन भोकांसाठी पोटातून किंवा इंजेक्शननं अँटिबायोटिक लागेलच. डोस वजनावर ठरतो, म्हणून घरातली माणसांची गोळी अर्धी करून देऊ नका. १९६२ या नंबरवर पशुसंजीवनीला, म्हणजे सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय सेवेला, फोन करा, नाहीतर उद्या सकाळी कोंबडीच घेऊन दवाखान्यात जा. औषध चालू असताना आणि त्यानंतर किती दिवस अंडी खायची नाहीत, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

लोंबतं कातडं घरी शिवू नका. चावलेली जखम शिवून बंद केली तर पू आत कोंडतो. ते कातडं वाळून चामड्यासारखं कडक झालं तर डॉक्टर कापून टाकतील. कोंबडीला नवीन कातडं धरायची ताकद फार असते. तळहाताएवढी जखम महिना-दीड महिन्यात भरून येताना मी पुष्कळदा बघितली आहे.

एक खूण लक्षात ठेवा. जखमेच्या आजूबाजूचं कातडं फुग्यासारखं फुगलं आणि दाबल्यावर कुरकुर आवाज आला, तर हवेची पिशवी फाटली आहे. मग उद्याची वाट बघू नका.

@रानवाट मुंगूस, रानमांजर, घोरपड ही सगळी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. विष घालणं हा गुन्हा आहे. आणि विष घातलेलं मढं मुंगूसच खाईल असं नाही. ते कुत्रं खातं, मांजर खातं, घार खाते. घारीनं त्यातला तुकडा कुणाच्या आडात टाकला तर काय होईल, याचा विचार करा.

बेळगुंदीची सून | संध्याकाळी ७:३०

सासूबाईंना काही लागलेलं नाही, दोनदा हात-पाय बघितले. त्या जवळ पोचल्याच नव्हत्या.

धुतलं. सासूबाईंनीच टॉवेलात धरली, मी धार सोडत होते. पहिल्या दोन सिरिंजला लाल पाणी, मग गढूळ, सहाव्या-सातव्याला स्वच्छ आलं. आत एक पूर्ण पीस दुमडून बसलं होतं, चिमट्यानं काढलं. ठिपकी एकदाही ओरडली नाही, नुसती थरथरत होती. आता उकडलेल्या अंड्याचा बलक दोन चोची खाल्लाय. कातडं फुगलेलं नाही.

अंडी बघितली. एक वांझ निघालं. आठ काळी आहेत, त्यातलं एक बॅटरीच्या उजेडात खरंच हललं. सासूबाई म्हणाल्या, "हे बघायचं मला कुणी सांगितलंच न्हवतं." मग एकेक करून त्यांनीच सगळी परत बघितली.

जांबोटीची आक्का | रात्री ९:२०

बरं झालं पोरी. आता मुंगसाचं.

आधी एक कर, मेलेली तलंग खोल पुर. हातभर तरी खड्डा, वर दगड. ती तिथं पडली असेल तर उद्या सकाळी ते तिच्यासाठीच येईल.

कोण आलं होतं हे अंगावरच्या खुणा सांगतात. मानेला किंवा डोक्यामागं चावा, दिवसाढवळ्या, बाकी अंग तसंच, हे मुंगसाचं. रात्री येऊन जाळीतनं मुंडकं ओढून नेलं तर उदमांजर नाहीतर रानमांजर. सगळीकडं पिसंच पिसं, पाच-सहा मेलेल्या आणि खाल्लेली एकही नाही, तर ती कुत्री. कोंबडी पुरती गायब, एक पीस नाही, तर कोल्हा किंवा रानमांजर. पिल्लू मेलेलं पण डोकं-मान ओली चिकट, तर सापानं गिळायला घेतलं आणि जमलं नाही म्हणून सोडलं. अंडं कवचासकट गेलं तर साप किंवा घोरपड, कवचं पडली असतील तर मुंगूस नाहीतर कावळा.

तरी खात्री नसेल तर न्हाणीच्या चुलीतली राख चाळ आणि संध्याकाळी खुराड्याभोवती, कुंपणाच्या भोकांपाशी पातळ पसर. सकाळी पाय उठलेले दिसतात. मांजराच्या पायाला चार बोटं, नखं दिसत नाहीत. कुत्र्याच्या पायाला चार बोटं आणि नखं. मुंगसाचा पाय लहान, पाच बोटं, पुढं लांब नखांच्या टाचणीसारख्या खुणा. मी राख पसरायला लागल्यापासून अंदाजानं भांडणं बंद केलीत.

आत्ता का आलं, तर तुमच्याकडं ऊसतोड सुरू झालीय. ऊस उभा असतो तोवर त्यात उंदीर, बेडूक, लपायला जागा, सगळं असतं. फड मोकळा झाला की ही जनावरं कुंपणाकडं सरकतात. दर वर्षी गळीत सुरू झालं की आमच्या खालच्या गावांतनं हीच तक्रार येते. म्हणजे एक मारलंस तरी फडातनं दुसरं येणार. भोक बुजवलंस तर सगळ्यांना बुजतं.

षटकोनी भोकांची पातळ जाळी, जी सगळे आणतात, ती कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. मुंगसाचं डोकं जिथनं जातं तिथनं सगळं अंग जातं. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी आण. बेळगावात खडेबाजाराकडं हार्डवेअरच्या दुकानात मिळते. महाग पडते, म्हणून सगळ्या परड्याला लावायला जाऊ नको. खुराडं, आणि खुडूक बसवायची जागा, एवढ्याला लाव. जमिनीत फूटभर खाली जाऊ दे. मुरूम लागला आणि खणता आलं नाही तर दीड फूट बाहेरच्या अंगाला आडवी पसर आणि वर चिरे ठेव. उकरणारं जनावर भिंतीलगत उकरतं, जाळी लागली की सोडून देतं, मागं सरकून उकरायचं त्याला सुचत नाही.

वरून कौलं आहेत का? उदमांजर कौल सरकवून आत उतरतं, माझ्या सहा कोंबड्या एका रात्रीत तशाच गेल्या. कौलांच्या खाली जाळी ठोक. दाराला नुसती कडी नको, कडीत खिळा.

आणि खुडूक कोंबडीला कधी उघड्यावर बसवू नकोस. तिला जागा आपण होऊन निवडू दिली तर ती कोपरा शोधते, तो आपल्याला आडबाजूचा वाटतो आणि जनावराला सोपा. ती बसली की दुसऱ्या रात्री अंधारात तिला अंड्यांसकट बुट्टीत उचलून खुराड्याच्या आत नेते मी. रात्री नेली तर सहसा उठत नाही. दिवसा नेली तर उठून परत जुन्या जागी जाते.

गिरिराज दोन आहेत म्हणालीस. त्या अंगानं जड, गावठीसारख्या झपकन आंब्यावर चढत नाहीत. शेतावर जायच्या दिवशी त्यांना तरी कोंडून जा.

बेळगुंदीची सून | बुधवार, रात्री ८:४५

आज १९६२ ला फोन केला, मग दवाखान्यातच घेऊन गेले. डॉक्टर भेटले. लोंबतं कातडं थोडं कापलं, शिवलं नाही. पाच दिवस इंजेक्शन. त्यांनी आधी कानडीत विचारलं, "कोळी तंदिरा?" मी म्हटलं, होय, कोंबडीच आणलीय. मग त्यांनी अगदी हळुवार बघितलं.

राख पसरली होती. सकाळी कुंपणापाशी पाय होते, पाच बोटं, नखांसकट. खुराड्यापर्यंत आले आणि परत फिरले. सगळ्या कोंबड्या मी आतच ठेवल्या होत्या.

मालक जाळी आणायला उद्या जाणार आहेत.

बेळगुंदीची सून | रविवार, सकाळी ९:१०

पाच फुटली! काल रात्री दहाला पहिल्या अंड्याला चीर गेली. सासूबाई रात्रभर खोक्यापाशी बसून होत्या, मला म्हणाल्या, "तू झोप, तुला सकाळी इंजेक्शनला जायचंय." पहाटे तीन, उजाडल्यावर दोन. उरलेल्या तिनातलं एक आतनं टोचतंय, दोन गप्प आहेत. टोचणाऱ्याला मदत करू का?

ठिपकीची जखम कोरडी पडत आलीय, कडेनं गुलाबी रंग धरलाय. काल संध्याकाळी एका पिसाच्या बुडाशी रव्याच्या कणासारखं काहीतरी दिसलं. आक्का, तुम्ही लिहिलं नसतं तर मला ते पिसातला कोंडा वाटला असता. काढलं, धुतलं. आज काही नाही.

पिल्लांना तिच्याखाली सोडू का? आवाज ऐकून ती खोक्यात उठून उभी राहतेय.

निवृत्त पशुवैद्य | सकाळी ९:४०

टोचणाऱ्याला मदत नको. कवचाच्या आतल्या पडद्यात अजून रक्त असतं, ओढून काढलं तर पिल्लू दगावतं. टोचायला लागल्यापासून बाहेर यायला २४ तासही लागतात.

पिल्लं तिच्याखाली आत्ता सोडू नका. तिची माया खरी आहे, पण लाल दिसलं की पिल्लू टोचणारच, ती त्याची जात आहे. उघड्या मांसावर पाच चोची नकोत. जाळीच्या अलीकडे-पलीकडे ठेवा, एकमेकांना दिसू दे, ऐकू दे. जखमेवर कोरडी खपली धरली की मग रात्री एकेक सोडा. पिल्लांना बल्बची ऊब चालू ठेवा, आणि पहिल्या आठवड्यात मानमोडीवरची (राणीखेत रोगावरची) लासोटाची लस चुकवू नका. मुंगसापासून वाचवलेली पिल्लं मानमोडीनं जायला नकोत.

जांबोटीची आक्का | सकाळी १०:०५

पोरी, सासूबाईंना माझा नमस्कार सांग.

पिल्लं परड्यात सोडशील तेव्हा पहिला महिना डालग्याखाली, म्हणजे उपड्या टोपलीखाली. घारीला पिल्लू वरून दिसलं की संपलं. आमच्याकडं जास्वंदीची आणि करवंदाची दाट जाळी आहे, कोंबडा वेगळ्या आवाजात ओरडला की सगळी तिच्याखाली घुसतात. घारीला तो लांबट एक सूर काढतो, जमिनीवरच्या जनावराला कट्-कट्-कट् करतो. तो फरक कानाला लाव, घरात बसून कळतं बाहेर कोण आलंय ते.

बेळगुंदीची सून | २३ दिवसांनी, संध्याकाळी ६:२०

सगळ्यांनी विचारलं म्हणून लिहितेय.

सहा पिल्लं झाली, ते टोचणारं रविवारी दुपारी आपलं आपण बाहेर आलं. एक तिसऱ्या दिवशी गेलं, कारण कळलं नाही. पाच आहेत. लस झाली.

ठिपकीची जखम आता पाच रुपयाच्या नाण्याएवढी राहिलीय. खपली बाराव्या दिवशी सुटायला लागली, खाली नवीन कातडं, तलम, गुलाबी. त्यातनं पिसांच्या काड्या वर आल्यात, साळिंदराच्या पिल्लासारखी दिसते पाठ. पंधराव्या रात्री पिल्लं तिच्याखाली सोडली. मी खोक्यापाशी बसून होते, टोचतात की काय म्हणून. तिनं पंख जरा उचलला, डावा अजून नीट उचलत नाही, आणि एकेक आत गेलं. मग ती गळ्यातल्या गळ्यात कुर्र कुर्र करत राहिली, किती तरी वेळ.

बाकीच्या कोंबड्यांत मिसळायला मात्र त्रास झाला. पहिल्या दिवशी सोडली तर गिरिराज तिच्यावर धावून गेल्या. मग आठवडाभर खुराड्यातच डालग्याखाली ठेवली, सगळ्यांच्या मधोमध. आता कुणी काही करत नाही.

जाळी झाली. खाली मुरूम लागला म्हणून आडवी पसरून चिरे ठेवलेत. राखेत पाय अजून उठतात, दोन-तीन दिवसाआड, पण चिऱ्यांपर्यंत येऊन परत जातात. एक राहिलंय, न्हाणीचं पाणी बाहेर जायला पाच इंची पाईप आहे, तो थेट परड्यात उघडतो. काल त्याच्या तोंडाशी राख विस्कटलेली होती. जाळी घट्ट बसवली तर पालापाचोळा अडकून पाणी तुंबतं. तिथं काय करता तुम्ही?

कौलारू | संध्याकाळी ६:५०

त्याच अर्ध्या इंची जाळीचा टोपीसारखा तुकडा वळवा, पाईपच्या तोंडावर बाहेरून चार बोटं येईल इतका, आणि पाण्याच्या मोटारीच्या पाईपला लावतात ती स्क्रूची क्लिप आवळा. आठवड्यातनं एकदा स्क्रू सैल करायचा, टोपी काढायची, कचरा झाडायचा, परत लावायची. आज रात्रीपुरता पाईपच्या तोंडाशी चिरा उभा करून ठेवा, पाणी जाईल एवढी फट सोडून.

बेळगुंदीची सून | संध्याकाळी ७:१५

चिरा लावला. क्लिप उद्या आणतो.